राहायला दिलं म्हणजे देऊन टाकलं का?

प्रश्न : आमच्या वडिलांनी १९८८ साली कराडमध्ये दुमजली घर घेतलं. खरेदीखत नोंदणीकृत आहे, एकट्या वडिलांच्या नावाचं. २००४ साली धाकट्या काकांची नोकरी गेली, तेव्हा वडिलांनी त्यांना तळमजला राहायला दिला. भाडं घेतलं नाही, लिखापढीही केली नाही. वरच्या दोन खोल्या आमच्याकडेच होत्या. आम्ही पुण्यात असलो तरी गणपतीला आणि मे महिन्यात तिथेच जाऊन राहायचो. किल्ली आईकडे असायची. वडील २०१९ मध्ये गेले, काका २०२२ मध्ये. आता चुलतभाऊ म्हणतो, घर एकत्र कुटुंबाच्या पैशातलं आहे, आणि नसलं तरी वीस वर्षांच्या वहिवाटीने ते आमचंच झालं. गेल्या वर्षी त्याने नगरपरिषदेत घरपट्टीला स्वतःचं नाव लावून घेतलं, गच्चीवर विटांची एक खोली बांधली. तीन महिन्यांपूर्वी वरच्या खोल्यांचं आमचं कुलूप तोडून स्वतःचं लावलं. 'घर पुतण्याला देईन' असं वडिलांनी २०१० साली शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिल्याचा कागदही तो दाखवतो. पोलीस म्हणतात, ही दिवाणी बाब आहे. आई ६८ वर्षांची आहे. भाऊ बंगळुरूला असतो, त्याला कोर्टकचेरी नको आहे. त्याचं कुलूप तोडून आत जावं का? दावा कोणता लावावा?

उत्तर : ताई, कुलूप तोडू नका. आणि आणखी तीन महिने नुसते जाऊही देऊ नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची बाब तळमजला नाही, वरच्या खोल्या आहेत.

स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, ज्याच्या ताब्यातून स्थावर मिळकत त्याच्या संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्ग सोडून काढून घेतली गेली, त्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. या दाव्यात मालक कोण, हा प्रश्नच येत नाही. दोनच गोष्टी बघितल्या जातात: ताबा कोणाचा होता आणि तो कसा गेला. निकालावर अपील नाही, फक्त उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. सहा महिने संपले की हा दरवाजा बंद होतो आणि मग मालकी सिद्ध करण्याच्या लांबच्या वाटेनेच जावं लागतं. तुमचे तीन महिने गेले आहेत. तुम्ही कुलूप तोडून आत गेलात, तर हेच कलम चुलतभाऊ तुमच्याविरुद्ध वापरील, फौजदारी तक्रारही करील.

बंद खोली म्हणजे सोडून दिलेली खोली नव्हे. किल्ली तुमच्याकडे आणि सामान तुमचं असेल, तर तो तुमचाच ताबा. तो दाखवायला वरच्या मजल्याचं वेगळं मीटर असल्यास त्याची वीजबिलं, गणपतीतले खोलीच्या आतले फोटो, त्या पत्त्यावर आलेली पत्रं, रंगकाम किंवा दुरुस्तीच्या पावत्या आणि तुमची ये-जा बघणारे दोन शेजारी पुरेत. फोटो आणि व्हॉट्सअॅप संदेश ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, त्यातलं काही पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी नसला की तिथे गाडं अडतं.

पोलिसांनी 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवलं, तरी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कुलूप कधी तुटलं, कोणाच्या लक्षात आलं, आत काय काय सामान आहे, हे सगळं त्यात येऊ द्या. कुलूप तोडून घरात शिरणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. मालकीचा वाद दिवाणी आहे म्हणून तो गुन्हा नाहीसा होत नाही. ठाण्याने नोंद घेतली नाही, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. या तक्रारीचा मोठा उपयोग पुढे आहे: ताबा गेल्याची तारीख तिथे नोंदली जाते, आणि कलम ६ च्या दाव्यात सगळी मदार त्या तारखेवर असते.

आता तळमजला. इथे चुलतभाऊ वीस वर्षांचा हिशेब सांगतो आहे, आणि तो ऐकून बहुतेक घरं घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही. मर्यादा कायद्याच्या (दाव्यांच्या मुदती ठरवणाऱ्या कायद्याच्या) अनुच्छेद ६५ प्रमाणे बारा वर्षं मोजायची ती राहण्याची नव्हेत, मालकाची मालकी उघडपणे नाकारून राहण्याची. परवानगीने आत आलेल्याचा ताबा वीस काय, चाळीस वर्षं चालला तरी परवानगीचाच राहतो, जोवर तो 'हे घर तुमचं नाही, माझं आहे' असं मालकाला कळेल इतक्या स्पष्टपणे सांगत नाही. गोव्यातल्या एका घरावरून सख्ख्या बहीण-भावात चाललेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हेच ठामपणे सांगितलं: नातेवाईक, राखणदार किंवा नोकर म्हणून फुकट राहणाऱ्याला कितीही वर्षांच्या वास्तव्याने घरात हक्क मिळत नाही. वकिलांना (२०१२) ५ एससीसी ३७० हा निकाल काढायला सांगा ('एससीसी' म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा निकालांचा संग्रह).

म्हणून तुमचा सगळा दावा एका वाक्यावर उभा आहे: काका २००४ मध्ये वडिलांच्या परवानगीने आत आले. हे वाक्य नोटिशीत, दाव्यात, प्रतिज्ञापत्रात आणि उलटतपासणीत एकसारखंच यायला हवं. असे दावे हरतात ते बरेचदा इथेच. नोटिशीत लिहिलेलं असतं 'भाडेकरू', दाव्यात 'अतिक्रमण करणारा', आणि साक्षीत आई सांगते, 'दिरांना राहायला दिलं होतं.' तीन ठिकाणी तीन गोष्टी आल्या की समोरच्या वकिलाला आणखी काही लागत नाही. 'भाडं' हा शब्द तर कुठेच येऊ देऊ नका. त्याने आता महिन्याला दोन-पाच हजार तुमच्या खात्यात टाकायला सुरुवात केली, तर लगेच परत पाठवा आणि का परत केले ते लेखी कळवा. ते पैसे पचले, तर उद्या तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण मागत उभा राहील.

परवानगी तोंडी होती, मग सिद्ध कशी करायची? सगळ्यात भारी पुरावा काकांच्या स्वतःच्या हातचा. गॅस जोडणीचा अर्ज, रेशनकार्डाचा अर्ज, बँकेच्या कर्जाचा फॉर्म, मुलांच्या शाळाप्रवेशाचे कागद, जुनी पत्रं यांत कुठे 'भावाचे घर' किंवा 'घरमालक : थोरले बंधू' असं लिहिलेलं सापडतं का, ते शोधा. वडिलांनी दिलेली ना-हरकत चिठ्ठी एखाद्या अर्जाला जोडलेली असू शकते. २००४ नंतर घरपट्टी वडिलांनी भरल्याच्या पावत्या, छपराची किंवा गटाराची दुरुस्ती वडिलांच्या खर्चाने झाल्याची बिलं हीही उपयोगी.

आणि दुसरा पुरावा म्हणजे तुमची आई. २००४ च्या त्या बोलण्याला हजर असलेली तुमच्या बाजूची बहुधा ती एकटीच हयात आहे. आईला दगदग नको म्हणून तिचं कुलमुखत्यारपत्र घेऊन आपणच साक्ष द्यावी, असं तुम्हाला वाटेल. तसं करू नका. मुखत्याराला स्वतः केलेल्या गोष्टींबद्दल साक्ष देता येते. दुसऱ्याला जातीने माहीत असलेल्या गोष्टी तो त्याच्या वतीने सांगू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच स्पष्ट केलं आहे. दावा दाखल झाला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १६ खाली आईची साक्ष आधी नोंदवून घेण्याचा अर्ज द्या. वय आणि प्रकृतीचं कारण दाखवा, डॉक्टरांचा दाखला जोडा. ज्येष्ठ नागरिक म्हणून लवकर सुनावणीचाही अर्ज द्या. मुद्दे निघून साक्षीची पाळी येईपर्यंत वर्षं जाऊ शकतात. तोवर आईची साक्ष राहून गेली, तर दाव्याचा कणाच जाईल.

चुलतभावाचे दोन बचाव एकमेकांचे पाय ओढतात, हेही वकिलांच्या लक्षात आणून द्या. प्रतिकूल ताबा, म्हणजे मालकी नाकारून बारा वर्षं राहिल्याचा हक्क, सांगायचा तर घर तुमच्या वडिलांचं होतं हे आधी कबूल करावं लागतं. एकत्र कुटुंबाचं घर म्हणायचं तर ताबा प्रतिकूल राहत नाही, सहहिस्सेदाराचा होतो. त्याच्या कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) दोन्ही आले, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच.

एकत्र कुटुंबाच्या पैशाचं म्हणाल, तर कुटुंब एकत्र होतं एवढ्यावरून एकाच्या नावची मिळकत सगळ्यांची ठरत नाही. असं म्हणणाऱ्याने आधी दाखवायचं असतं की कुटुंबाकडे सामायिक मिळकत होती आणि तिच्या उत्पन्नातून हे घर घेण्याइतकी शिल्लक पडत होती. तरीही हात बांधून बसू नका. वडिलांच्या १९८८ च्या नोकरीचा पुरावा, प्रॉव्हिडंट फंडातून किंवा सोसायटीतून काढलेल्या कर्जाचा उतारा, खरेदीच्या सुमाराचं बँक पासबुक जे सापडेल ते काढा. घर वडिलांचं स्वकष्टार्जित ठरलं आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ असे तिघे समान वारस, प्रत्येकी एक तृतीयांश. आजी वडिलांच्या मागे हयात होती का, तेवढं तपासा. तसं असेल तर तिलाही समान वाटा जातो, आणि ती नंतर गेली असेल तर तिच्या वाट्यातून काकांच्या शाखेचा थोडा हिस्सा निघू शकतो. ही गोष्ट समोरून कळण्याआधी तुमच्या वकिलांना माहीत असायला हवी.

घरपट्टीच्या नोंदीने मालकी जात नाही. ती कर कोणाकडून वसूल करायचा यासाठी असते. पण तिच्याकडे दुर्लक्षही नको, कारण तुमची मालकी त्याने उघडपणे नाकारल्याचा तो पहिला लेखी पुरावा ठरू शकतो, आणि मालकी जाहीर करून मागण्याची मुदत मर्यादा कायद्याच्याच अनुच्छेद ५८ प्रमाणे तीन वर्षांची आहे. नगरपरिषदेत माहितीच्या अधिकारात अर्ज करून नाव बदलाच्या फाइलच्या नकला घ्या: त्याने अर्जात काय लिहिलं, कोणते कागद जोडले, तुम्हाला नोटीस काढली होती का. त्याच वेळी लेखी हरकत नोंदवा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा. अजून वडिलांचंच नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज आत्ताच द्या. दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची प्रमाणित नक्कल, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. काकांनी किंवा चुलतभावाने मधल्या काळात घर गहाण टाकलेलं असेल तर ते तिथे दिसू शकतं.

शंभराच्या स्टॅम्पच्या कागदाने मालकी जात नाही. शंभर रुपये आणि त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. बक्षीसपत्रही नोंदणीकृत, दोन साक्षीदारांचं आणि देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेलं लागतं. 'देईन' असं लिहून ताबा दिला होता, हा बचावही २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या कराराला नोंदणीशिवाय मिळत नाही. मात्र एक गोष्ट वेळेवर करावी लागते. तो कागद कोर्टात दाखल होऊन त्याला निशाणी क्रमांक (पुराव्यात घेतल्याचा क्रमांक) पडण्याच्या क्षणीच अपुऱ्या मुद्रांकाची हरकत तोंडाने घ्या आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) येऊ द्या. एकदा निशाणी पडली की ती हरकत पुढे सहसा ऐकली जात नाही. सही वडिलांची वाटत नसेल तर स्टॅम्पच्या मागे विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक आणि तारीख असते. त्या विक्रेत्याच्या नोंदवहीत तो स्टॅम्प कोणी, कधी घेतला हे तपासता येतं. हस्ताक्षरतज्ज्ञ त्यानंतर.

मला खरी काळजी वाटते ती गच्चीवरच्या खोलीची. सुखाधिकार कायद्याच्या (ईझमेंट्स अॅक्टच्या) कलम ६० प्रमाणे, परवानगीने राहणाऱ्याने त्या परवानगीच्या आधारे स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचं बांधकाम केलं, तर परवानगी मागे घेता येत नाही, असा बचाव निघतो. त्याचं उत्तर असं: परवानगी तळमजल्यात राहण्याची होती, गच्चीवर बांधण्याची नव्हती, तुम्ही संमती दिली नाही, कळताच हरकत घेतली. हे उत्तर टिकायला हरकतीचा कागद लागतो. आजवर दिला नसेल तर या आठवड्यात नगरपरिषदेकडे विनापरवाना बांधकामाची लेखी तक्रार द्या आणि त्याची प्रत चुलतभावाला स्पीड पोस्टाने पाठवा. इथे गप्प राहणं संमती म्हणून तुमच्यावर उलटू शकतं.

आता दावा. वरच्या खोल्यांसाठी कलम ६ चा वेगळा दावा सहा महिन्यांच्या आत लावा, आणि संपूर्ण घराच्या मालकीचा दावा स्वतंत्र लावा, असं आमचं मत. दोन्ही एकाच दाव्यात मिसळले, तर मालकी न बघणाऱ्या छोट्या दाव्यात मालकीचा सगळा पसारा येतो आणि त्याचा वेग जातो. कलम ६ चा दावा लावल्याने मालकीचा दावा अडत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. आई वरच्या खोल्यांत परत राहायला लागली, तर खाली बोलणी करण्याची भाषाही बदलेल.

मालकीच्या दाव्याआधी नोटीस द्या: परवानगी रद्द केली आहे, तीस दिवसांत तळमजला आणि गच्चीवरची खोली रिकामी करा. ही नोटीस चुलतभावाला एकट्याला नको. काकू आणि चुलतबहिणी असतील तर त्या सगळ्यांना, कारण काकांचे वारस म्हणून उद्या प्रत्येकजण वेगळी हरकत घेऊन उभा राहू शकतो. दाव्यातही ते सगळे प्रतिवादी हवेत. तुमचा भाऊ वादी म्हणून सही करायला तयार नसेल, तर त्याला औपचारिक प्रतिवादी करा. त्याने फक्त दाव्याला हरकत नाही असं लिहून दिलं तरी काम होतं. त्याला फोनवर समजावून सांगा की यात त्याच्याविरुद्ध काहीच मागितलेलं नाही, नाहीतर समन्स बघून तो दुखावेल.

मागण्या अर्धवट ठेवू नका. मालकी जाहीर करून मागा, तळमजला आणि गच्ची यांचा ताबा मागा, गच्चीवरचं बांधकाम पाडण्याचा आदेश मागा, घर विकू किंवा गहाण ठेवू नये म्हणून मनाई मागा, आणि परवानगी संपल्यापासून ताबा मिळेपर्यंतच्या वापराची नुकसानभरपाई मागा. नुसता मनाईचा दावा लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मालकीवरच वाद असताना आणि ताबा समोरच्याकडे असताना असा दावा टिकत नाही. (२००८) ४ एससीसी ५९४ या निकालात हे सविस्तर आलं आहे. दाव्यातलं मिळकतीचं वर्णन सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमांसह लिहा आणि मजल्यांचा हातनकाशा जोडा. वर्णनात चूक राहिली की हुकूमनामा हातात असूनही बेलिफ दारात थांबतो. घर मुंबईत असतं, तर परवानगीने राहणाऱ्याविरुद्धचा ताब्याचा दावा लघुवाद न्यायालयात न्यावा लागला असता. तुमच्या बाबतीत अधिकारक्षेत्र आणि मूल्यांकन या दोन गोष्टी वकिलांकडून आधीच पक्क्या करून घ्या; चुकीच्या कोर्टात लावलेला दावा परत मिळतो आणि वर्ष वाया जातं.

दाव्यासोबतच तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या मनाईचा अर्ज (कोर्टात त्याला 'निशाणी ५' म्हणतात) द्या आणि जागेची आजची स्थिती नोंदवायला कोर्ट कमिशनर मागा. अर्जात बांधकाम, वरच्या खोल्यांतलं सामान आणि दाराचं कुलूप यांची पाहणी मागा. 'ताबा कोणाचा ते कमिशनरने ठरवावं' असं लिहिलंत तर अर्ज फेटाळला जाईल, कारण तो पुरावा पक्षकारानेच द्यायचा असतो. दाव्याची लिस पेंडेन्सची (दावा प्रलंबित असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे दावा चालू असताना घर घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आईच्या वयामुळे कोणी ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे जा म्हणेल. २००७ च्या त्या कायद्यात 'नातेवाईक' म्हणजे अपत्यहीन ज्येष्ठाचा वारस. आईला मुलं आहेत, त्यामुळे पुतण्याविरुद्ध हा मार्ग बसत नाही. तिथे वेळ घालवू नका.

दावा चालू असताना तळमजल्याचं पाणी किंवा वीज तोडायला जाऊ नका. दुसऱ्याच दिवशी तो तुमच्याविरुद्ध मनाई आणील आणि पीडित तो ठरेल. बोलणी मात्र कधीही करता येतात. मध्यस्थीत बसलात तर काकूंच्या राहण्याची सोय हा प्रश्न आधी घ्या, तिथे मन मोकळं ठेवायला हरकत नाही. त्यांना सहा-आठ महिन्यांची मुदत आणि सामान हलवायला ठरावीक रक्कम देणं हे बऱ्याच वर्षांच्या दाव्यापेक्षा स्वस्त पडतं. पण लेखी काय ठरलं यावर सगळं अवलंबून आहे: घर सोडण्याची नेमकी तारीख, तोवर कोणाला आत घेणार नाही ही हमी, रकमेचा शेवटचा हप्ता किल्ली हातात आल्यावरच, आणि तारीख चुकल्यास वेगळा दावा न लावता थेट दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करता येईल हे कलम. तडजोड कोर्टात किंवा लोकअदालतीत नोंदवून हुकूमनामा घ्या. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते. नोटरीपुढे केलेल्या समजुतीच्या कागदावर घर सोडू नका.